खोऱ्याचा सांधा

नदी तीन राज्यांतून वाहते आणि तिन्ही राज्यांत तिचं नाव वेगळं आहे. त्यामुळे तिन्ही सरकारांनी मिळून खोऱ्याचं एक संग्रहालय उभारायचं ठरवलं, तेव्हा पहिलं घोडं पाटीवरच अडलं. कुणाचं नाव लिहायचं? दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी कंटाळून पाटीवर नुसतं 'नदी' असं लिहायचं ठरलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संग्रहालय मधल्या राज्यात, नदीकाठच्या एका शहरात होणार होतं. जागा म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. जाड भिंती, छताजवळ लांबट खिडक्या, आणि कितीही झाडलं तरी फरशीच्या फटींतून निघत राहणारे गव्हाचे दाणे. हॉलच्या मधोमध अख्ख्या खोऱ्याची प्रतिकृती ठेवायची होती, उगमापासून समुद्रापर्यंत. ती एवढी लांब होणार होती की दोन टोकांना उभ्या राहिलेल्यांना आवाज चढवूनच बोलावं लागलं असतं. काम तिघांत वाटलेलं होतं. प्रत्येक राज्याने आपल्या हद्दीतला तुकडा आपल्या माणसाकडून करून घ्यायचा, ट्रकमध्ये घालून इथे आणायचा, आणि मग तिन्ही तुकडे एकमेकांना जोडायचे.

मधला तुकडा जिच्याकडे होता तिला सगळे पाणसळ म्हणत. गवंडी भिंतीची पातळी बघायला काचेच्या नळीतला बुडबुडा असलेली जी पट्टी वापरतात ती पाणसळ. ही बाई ती कायम पर्समध्ये बाळगायची. कुणाच्या घरी गेली आणि भिंतीवरची तसबीर जराशी जरी कलती दिसली, तरी हिचा हात शिवशिवायचा. शाळांसाठी उठावाचे नकाशे बनवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यापासून ती आणि आई, दोघीच संग्रहालयामागच्या रस्त्यावर एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत.

खालच्या राज्याचा तुकडा सगळ्यांत आधी आला. तो घेऊन आलेली इंजिनियर मुलगी मोठी बडबडी. तिच्या तुकड्यात नदीचे सात-आठ फाटे होऊन समुद्राला मिळत होते. मधे मिठागरं, खाडी, बंदर. बाकी सगळं पाटासारखं सपाट.

"तीन महिने काम केलं," ती म्हणाली, "आणि आमच्या साहेबांनी विचारलं, यात तू नेमकं केलंस काय?"

तिचा तुकडा पाणसळीच्या तुकड्याला असा चपखल बसला की मिस्त्री खूश झाला. मिस्त्री म्हणजे संग्रहालयाचा सुतार. टेबलं त्याने बनवली होती. "आता वरचा येऊ द्या," तो म्हणाला, "की आपण मोकळे."

वरचा तुकडा आठवड्याने आला. त्याच्याबरोबर एक उंच, काठीसारखा किडकिडीत गृहस्थ ट्रकच्या पुढच्या सीटवरून उतरला. केस पिकलेले, शर्टाच्या खिशात तीन ब्रश. हॉलमधले लोक त्याला लगेच डोंगरवाले म्हणायला लागले, कारण त्याचा तुकडा म्हणजे नुसते डोंगरच. देवदारांची रानं, घळी, उगमाजवळची दलदल. प्लायवूडचे पातळ थर एकावर एक चढवून त्याने डोंगर रचले होते आणि प्रत्येक कड रंध्याने नव्हे, हाताने घासलेली होती. पाणसळीने एका उतारावरून बोट फिरवलं आणि मनातल्या मनात त्याला दाद दिली. त्या तुकड्याच्या खालच्या टोकावर, जिथे तो तिच्या तुकड्याला भिडणार होता, तिथे एक पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालून चिकटपट्टीने बांधलेलं होतं.

"हे?"

"ते शेवटी उघडतो," डोंगरवाले म्हणाले. "नाजूक आहे."

सहा माणसांनी हाशहुश करत तुकडा टेबलावर ठेवला आणि सरकवत सरकवत जोडाला आणला. पाणसळ वाकून सांध्याशी डोळा लावून बघत होती. ती तशीच वाकून राहिली.

"काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"नदी चढतेय."

खरंच चढत होती. वरच्या राज्यातून येणारी नदी सांध्याशी पोचेपर्यंत बोटभर खाली होती आणि मधल्या राज्यात शिरताना एकदम बोटभर वर. मिस्त्रीने पेल्यातलं घोटभर पाणी डोंगराकडच्या पात्रात ओतलं. पाणी सांध्यापर्यंत गेलं, अडलं, आणि तिथेच तुंबून राहिलं.

"तुमच्या राज्याने आमचं पाणी अडवलं," डोंगरवाले गंभीरपणे म्हणाले. आधी खाडीवाली इंजिनियर फिस्सकन हसली आणि मग सगळेच हसले.

संचालक आवाज ऐकून आले. ते कामाचे होते, पण घाईचे. "फटीत पुट्टी भरून टाका की. रंग दिला की कुणाला कळतंय?"

"मला कळेल," पाणसळ म्हणाली.

"मलाही," डोंगरवाले म्हणाले.

दोघांनी आपापले आकडे काढले आणि तपासायला बसले. सगळे डोंगर बरोबर, सगळ्या उंच्या बरोबर, मग पाणी मुरतंय कुठे? दुपारच्या चहाला उत्तर सापडलं. मधल्या आणि खालच्या राज्याने उंची समुद्रापासून मोजली होती. वरच्या राज्यात राजाच्या काळात मोजणी झाली तेव्हा त्यांचा समुद्राशी काही संबंधच नव्हता. मोजणीदारांनी किल्ल्याच्या पहिल्या पायरीला एक उंची ठरवून दिली आणि तिथून वर-खाली मोजत गेले. राजे गेले, किल्ला पडला, पण शाळेच्या भूगोलापासून सरकारी कागदांपर्यंत सगळीकडे ती पायरी अजून जिवंत होती.

"म्हणजे तुमचं अख्खं राज्यच खाली बसलंय," खाडीवाली म्हणाली.

"उचला मग," डोंगरवाले म्हणाले.

मिस्त्रीने खाली फळीच्या पट्ट्या सारून अख्खं राज्य उचललं. पाणसळीने आपली पट्टी काढली, चारी बाजूंनी लावून बघितली. या वेळी पाणी सांधा ओलांडून खाली आलं. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग डोंगरवाल्यांनी चिकटपट्टी सोडवली आणि खोकं उचललं.

खाली गाव होतं. तळहाताएवढं, दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं. नखाच्या टोकाएवढी घरं, लाकडाची, प्रत्येकाला छप्पर. पायऱ्यापायऱ्यांचा घाट. नावांचा धक्का. बाजाराचा चौक.

पाणसळीच्या तुकड्यात त्या गावाला लागून निळाशार रंग दिलेला होता. कारण त्या जागी चाळीस वर्षांपासून धरणाचा जलाशय आहे. धरण मधल्या राज्यात, सांध्यापासून थोडं खाली. पाणी मात्र हद्द ओलांडून मागे वरच्या राज्यात पसरलेलं. मंजूर आराखड्यातही दोन्ही तुकड्यांवर निळाच रंग होता. आता एका बाजूला निळं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोरडं गाव, असं ते विचित्र दृश्य होतं.

"हे मापात नाही," पाणसळ म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा आला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. "या मापाने गाव मोहरीएवढं यायला हवं."

"मोहरीत गल्ल्या कशा दाखवायच्या?"

ती टेबलावर ओणवली. त्या गावाला खोऱ्यात एके काळी फार मान होता. समुद्राकडचं मीठ नावांतून तिथपर्यंत चढायचं आणि पुढे खेचरांवर लादलं जायचं. डोंगरातलं लाकूड ओंडक्यांचे तराफे बांधून तिथपर्यंत उतरायचं. मीठ वर, लाकूड खाली, आणि दोन्हीची गाठ त्या चौकात. तीन राजांचे तीन जकातनाके एकाच रस्त्यावर होते म्हणे. हे तिने वडिलांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की ती डोळे मिटून सांगू शकली असती.

"गिरणी चुकली," ती म्हणाली.

"काय?"

"पिठाची गिरणी. घाटावरून वर आलं की उजव्या हाताला होती. तुम्ही डाव्या हाताला केलीय."

डोंगरवाल्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "डाव्याच हाताला होती."

"उजव्या. दळण घेऊन मीच जायचे."

"तुम्ही कुठल्या गल्लीतल्या?"

"लोहारांच्या. शेवटचं घर. शेजारी आमची मावशी राहायची."

त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

"त्या मावशीचा मुलगा," ते म्हणाले, "शिंकला की अख्ख्या गल्लीला कळायचं?"

पाणसळीने तोंडावर हात ठेवला. "भोपळ्या?"

मिस्त्री आणि खाडीवाली, दोघंही त्या काठीसारख्या माणसाकडे बघतच राहिले.

"तेव्हा होतो," तो म्हणाला. "डोंगर चढून चढून उतरला भोपळा. तू पाणसळ कधी झालीस? तुला तर आम्ही चिपडी म्हणायचो."

"ते इथे बोलू नकोस."

तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. गाव सुटलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी, एकाच गल्लीत दिलेल्या, भिंतीला भिंत. धरणाचं ठरलं तेव्हा मोठीच्या, म्हणजे पाणसळीच्या घरच्यांनी पहिल्याच वर्षी मधल्या राज्यात जागा घेतली आणि गाव सोडलं. धाकटीचा नवरा 'कुणीही सही करायची नाही' म्हणणाऱ्यांचा पुढारी. ते शेवटपर्यंत राहिले. गल्लीत पाणी शिरलं तेव्हा उठले आणि वरच्या राज्यात एका उतारावर वसले. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही.

"आई तुमच्या घराचं नाव काढत नाही," तो म्हणाला. "बाबा असेपर्यंत तर सोयच नव्हती."

"आमच्याकडे बाबा गावाबद्दल बोलायचे. आई नाही. ती उठून आत जायची." पाणसळ त्या छोट्या घरांकडे बघत होती. "तिला सहन होत नसेल, असं मला वाटायचं."

संचालकांना गाव आवडलं, पण पटलं नाही. "हे काढावं लागेल," ते म्हणाले. "अहो, तिन्ही राज्यांनी मिळून केलेलं एकमेव काम म्हणजे ते धरण. उद्घाटनाला तिन्हीकडचे मंत्री येणार. त्यांना पाणी दिसायला हवं."

"मी काढणार नाही," डोंगरवाले शांतपणे म्हणाले.

"प्रतिकृतीला एकच साल असायला हवं," पाणसळ म्हणाली. खरं म्हणजे तिलाच कळत नव्हतं ती कुणाच्या बाजूने बोलतेय. "एक तर आधीचं, नाही तर नंतरचं."

संचालकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आणि गेले. राहिले दोघं, गाव आणि गिरणीचा वाद.

"आईलाच विचारू," पाणसळ म्हणाली. "चल घरी."

"चालेल का त्यांना?"

"नाही चाललं तर चहा पिऊन जा."

घरी आई पडदे धुवायला काढत होती. ऐंशीच्या घरातली बाई, स्टुलावर चढून कड्या सोडवत होती. कितीदा सांगून झालं होतं, पण ऐकेल तर ती आई कसली.

"कोण आलंय गं?"

"ओळख बघू."

"ओळखते नंतर. आधी त्यांना स्टूल धरायला सांग."

त्याने पुढे होऊन स्टूल धरलं. आईने शेवटची कडी सोडवली, पडदा खाली आला आणि वर्षभराची धूळ त्याच्या तोंडावर. तो शिंकला. भांडी हलतील असा शिंकला.

आई स्टुलावरच थांबली. खाली वाकून तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडे.

"धाकटीचा," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"किती वाळलास रे."

तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि उतरली. पुढचा अर्धा तास ती त्याला खायला घालत होती. तो काय करतो, बायको कुठली, मुलगी काय शिकते, सगळं विचारलं. बहिणीचं नाव काढलं नाही. पाणसळीने तेवढ्यात फोनवर काढलेला गावाचा फोटो तिच्यासमोर धरला.

"आई, गिरणी कुठल्या हाताला होती?"

आईने चष्मा लावला, बघितला, फोन परत दिला. "दळण तू न्यायचीस. मला काय विचारतेस?"

"असं काय करतेस? नीट बघ तरी. एवढं सुंदर केलंय याने. आपलं घर आहे त्यात."

"दिसलं."

"तुला काहीच वाटत नाही?"

आईने पदराने चष्म्याची काच पुसली. "गाव सुंदर होतं हे तुझ्या बाबांचं वाक्य. त्यांचं गाव म्हणजे बाजाराचा चौक आणि संध्याकाळच्या गप्पा. माझं गाव म्हणजे घाटाच्या पायऱ्या. उतरताना रिकामी घागर, चढताना भरलेली. सकाळी तेच, दुपारी तेच. चौकात मी दोनदा गेले असेन, तेही सासूबाईंबरोबर."

डोंगरवाल्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"शाळेत मुलींना चौथीनंतर बसवत नव्हते," आई पुढे म्हणाली. "धरणाचे लोक आले. म्हणाले, नवीन वस्तीत घराघरांत नळ आणि दहावीपर्यंत शाळा. तुझे बाबा म्हणाले, आपण सही करायची नाही. मी म्हटलं, तुम्ही राहा. मी पोरीला घेऊन चालले."

पाणसळीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सही बाबांनी केली ना? आपल्या मनाने?"

"हात त्यांचा होता."

रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना. डोंगरवाले खुर्चीत पुढे सरकले.

"मावशी, एक विचारू? आईला सांगितलं का नाहीत? ती सकाळी उठली तर दाराला कुलूप. दिवसभर ती तुमच्या ओट्यावर बसून होती. मला आठवतं. मीच तिला हाताला धरून घरी आणलं."

"सांगितलं असतं तर ती रडली असती," आई म्हणाली. "ती रडली असती तर मी थांबले असते. मी स्वतःला ओळखत होते. म्हणून ती उठायच्या आत निघाले." मग तिने विचारलं, "तिच्याकडे नळ आहे का आता?"

"आहे. पण उन्हाळ्यात कोरडा असतो. आमच्या ओसरीतून धरणाचं पाणी दिसतं, ते वर चढवायला पंप नाही. टँकर येतो."

आईने मान खाली घातली. ती हातातल्या कड्या एकीतून एक ओवत बसली. "म्हणजे ती अजून पाणीच भरतेय," ती म्हणाली. मग उठली, पडदे उचलले आणि न्हाणीघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून म्हणाली, "मला बघायचंय ते तुमचं."

हॉलमध्ये खाडीवाली समुद्राला दुसरा हात देत होती. तिने आईला खुर्ची आणून दिली. आई बसली नाही. ती समुद्राच्या टोकाला उभी राहिली आणि हात पाठीशी बांधून हळूहळू नदीच्या काठाने वर चालायला लागली. मिठागरं, बंदर, मग मधल्या पठारावरची शेती, कालवे, तिचं आत्ताचं शहर. डोंगरवाले बाजूने चालत होते. अधूनमधून ती थांबून विचारायची. हा कुठला पूल? इथून नावा जायच्या? हे कालवे आपल्याच पाण्याचे?

"आपल्याच," पाणसळ म्हणाली. "या सगळ्या तालुक्यांना धरणातूनच पाणी जातं."

"केवढी आहे गं ही," आई म्हणाली. "मला वाटायचं, घाटापासून सुरू होते आणि वळणावर संपते."

ती सांध्यापाशी आली. गावाकडे तिने पाहिलं, लोहारांची गल्ली शोधली, मान हलवली. मग विचारलं, "धाकटीचं घर दाखव."

त्याने गावाच्या वरच्या उतारावरची एक जागा दाखवली. तिथे काहीच केलेलं नव्हतं, नुसता हिरवा रंग.

"आणि आमचं आत्ताचं?"

पाणसळीने बोट ठेवलं.

आईने आपला डावा हात उघडला. अंगठा मुलीच्या बोटाशी टेकवला आणि पंजा ताणत ताणत करंगळी वर नेली. उतारापर्यंत पोचायला बोटभर कमी पडली. तिने हात उचलून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

"वीत आणि बोटभर," ती म्हणाली. तिचा हात तसाच पसरलेला होता, खालून वर, पाण्यावरून. "मला वाटलं होतं, कुठे लांब राहते."

मग तिने हात काढून घेतला आणि विचारलं, "बस कितीला असते?"

संचालकांचा प्रश्न तोवर तसाच होता. आईला कुणी विचारलं नव्हतं, पण निघताना ती मुलीला म्हणाली, "गाव राहू दे. पण पाणीही दाखवा. त्या पाण्यावर तू शिकलीस, आणि हा अजून त्याच्याकडे बघत बसलाय. दोन्ही झालंय ना? मग एकच काय दाखवायचं?"

पाणसळ दिवसभर त्यावर विचार करत राहिली. एकाच सालाचा हट्ट तिचा होता, आणि तो सोडायला तिला जड गेलं. संध्याकाळी तिने मिस्त्रीला बोलावलं आणि आपल्या तुकड्यातला निळा भाग करवतीने कापून काढायला सांगितला. त्याने तिच्याकडे दोनदा बघितलं. "नक्की?" तिने मान डोलावली. कापताना ती बाहेर जाऊन उभी राहिली. मग त्याखालची दरी तिने आणि डोंगरवाल्यांनी मिळून कोरली, रंगवली, आणि जलाशय वेगळा बनवला, दोन्ही राज्यांत पसरलेला एकच अखंड तुकडा, झाकणासारखा. ठेवला की पाणी, उचलला की गाव. उद्घाटनाला तो ठेवलेला असेल, एवढ्यावर संचालक राजी झाले. नंतर शाळेच्या मुलांसमोर उचलायला त्यांची हरकत नव्हती, उलट पहिल्यांदा उचलला तेव्हा तेच सगळ्यांत जास्त वेळ वाकून बघत होते. गिरणी डाव्या हाताला राहिली. तुकडा त्याचा होता, पाणसळ काय करणार?

शनिवारी तिघं वर गेली. बस घाट चढायला लागली. खिडकीतून जलाशय दिसला, लांबवर पसरलेला, निवांत. आईने एकदाच बघितलं आणि पर्समधली लवंग काढून तोंडात टाकली.

डोंगरवाल्यांनी आपल्या आईला कळवलं नव्हतं. "कळवलं तर ती दार लावून बसेल," तो म्हणाला. "आमच्या घरातली माणसं तुला माहीतच आहेत."

"तुमच्याच नाही," पाणसळ म्हणाली.

घर उतारावर होतं, पत्र्याच्या छपराचं, नीटनेटकं. बाहेर निळे ड्रम ओळीने मांडलेले. धाकटी मावशी ओसरीत बसून शिवणाच्या सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. फाटकाचा आवाज आला तरी तिने वर बघितलं नाही.

"कोण आहे? जरा हा दोरा ओवून द्या," ती म्हणाली. "मेलं दिसत नाही."

आई ओसरीच्या पायऱ्या चढली. तिने बहिणीच्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं, डोळे बारीक केले. तिलाही दिसत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदाही दोरा सुईच्या बाजूनेच गेला.

धाकटीने सुई धरलेला तो हात बघितला. मग वर बघितलं.

पाणसळीला वाटलं, आता मावशी उठून आत जाणार. मावशी उठली नाही. तिने सुई परत घेतली आणि मांडीवरच्या कापडात खोचून ठेवली.

"न सांगता गेलीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि न सांगताच आलीस."

"हो," आई म्हणाली. "बसू का?"

मावशीने कडेला सरकून सतरंजीवर जागा केली. आई बसली. दोघी समोर बघत होत्या, खालच्या पाण्याकडे. डोंगरवाल्यांनी पाणसळीला खूण केली आणि दोघं घरामागे गेले. तिथे त्याची कामाची खोली होती, तिच्यात अर्धवट झालेला एक डोंगर होता. तो दाखवत असताना ओसरीतून रडण्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग दुसरीचाही. पाणसळ दाराकडे वळली. त्याने तिला थांबवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "होऊ दे एकदाचं."

ते परत आले तेव्हा ओसरीत कुणीच नव्हतं. दोघी बाहेरच्या ड्रमांपाशी उभ्या होत्या आणि आई मावशीला झापत होती. ड्रमला झाकणं नीट का नाहीत, टँकरवाला पाइप आत का घालत नाही, आणि पंपासाठी इथल्या बायकांनी आजवर कुणाकडे अर्ज तरी केला का? मावशी डोळे पुसत तिलाच उलट सांगत होती की आल्या आल्या शहाणपणा शिकवू नकोस.

आई दोन दिवसांसाठी गेली होती. ती राहिली महिनाभर. पाणसळ उद्घाटनासाठी आईशिवायच खाली आली, मंत्र्यांना निळं पाणी दाखवलं, हार घेतला. घरी परतल्यावर तिने आईला फोन लावला. पलीकडे गलका होता. आई म्हणाली, आत्ता वेळ नाही, पंपाच्या अर्जावर सह्या घ्यायला वरच्या वाडीत चाललोय, धाकटी चपला घालून उभी आहे, उद्या कर.